अमेरिकेंतील तहकुबीच्या एका कलमाचे पाठभेद

हस्तलिखितांच्या सहवासांत ज्यांचा जन्म गेला त्यांस एक अनुभव नित्याचा आहे. ग्रंथ तोच, प्रकरण तेंच, ओळहि जवळजवळ तीच. परंतु एका क्रियापदाच्या जागीं दुसरें आलेलें असतें आणि तेवढ्यानें सगळ्या वाक्याचा अर्थ पालटतो. शास्त्रग्रंथांत असा फेर आढळला कीं आपण नकलकाराच्या डुलकीवर खापर फोडून मोकळे होतों. कायद्याच्या ग्रंथांत ती सोय नाहीं. तेथील फेर कोणी तरी जागेपणीं व विचारपूर्वक केलेला असतो आणि त्यामागें एखाद्या मनुष्याच्या गळ्याशीं आलेला प्रसंग असतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अशाच एका कलमाचे १८४२ पासून १९४८ पर्यंतचे पाठ मीं एकापुढें एक मांडून पाहिले. त्यांतून जें दिसलें तें जुन्या कागदांची आवड असणाऱ्या वाचकांपुढें ठेवीत आहें.

आधीं वस्तुस्थिति सांगितली पाहिजे. त्या देशांत राज्यव्यवस्था दुहेरी आहे. प्रत्येक संस्थानाचीं फौजदारी कोर्टें निराळीं, कायदा निराळा, शिक्षा बजावणारा शेरीफहि त्याचाच. आणि सर्व संस्थानें मिळून जो संघ झाला आहे त्याचीं कोर्टें निराळीं. (संस्थान हा शब्द येथें आपल्याकडील राजेरजवाड्यांच्या अर्थानें घेऊं नये.) संस्थानाच्या कोर्टानें कैदेंत ठेवलेला मनुष्य, आपली कैद संघाच्या राज्यघटनेविरुद्ध आहे, अशी तक्रार घेऊन संघाच्या न्यायाधीशाकडे जाऊं शकतो. मग तो न्यायाधीश हेबियस कॉर्पसचा हुकूम काढून, कैद्याचा देह आपणापुढें हजर करावा व कैदेचें कारण सांगावें, असें तुरुंगाधिकाऱ्यास फर्मावितो. येथवर सर्व सरळ आहे. परंतु ही चौकशी चालू असतां, किंवा तिच्या निकालावरील अपील वरच्या कोर्टांत पडून असतां, संस्थानानें काय करावें? खटला पुढें चालवावा काय? शिक्षा बजावावी काय? ज्यास उद्यां सकाळीं फांशी द्यावयाचें त्याचें अपील परवां ऐकून त्याचा कोणास उपयोग? ह्या प्रश्नाचें उत्तर म्हणजेच आपलें कलम.

१७८९ च्या मूळ न्यायव्यवस्थेच्या कायद्यांत हा प्रश्न उद्भवतच नव्हता. साक्षीसाठीं आणावयाचा कैदी सोडल्यास संस्थानाच्या तुरुंगांतील मनुष्यापर्यंत संघाच्या न्यायाधीशाचा हा हुकूम पोंचत नसे. १८३३ सालीं दक्षिण कॅरोलिना संस्थानानें संघाची जकात जुमानण्याचें नाकारलें, तेव्हां संघाच्या कायद्याप्रमाणें केलेल्या कृत्याबद्दल अडकविलेल्या माणसांपुरतें दार किलकिलें झालें. तें खरें उघडलें तें एका परक्या मनुष्यासाठीं, आणि तेंहि तो सुटून गेल्यानंतर.

ती हकीकत अशी. २९ डिसेंबर १८३७ च्या रात्रीं कॅनडांतील इंग्रजांच्या एका टोळीनें नायगरा नदी ओलांडली आणि अमेरिकेच्या कांठास बांधलेली ‘कॅरोलाइन’ नांवाची आगबोट पकडून, पेटवून, धबधब्याच्या दिशेनें सोडून दिली. ही बोट कॅनडांतील बंडखोरांस सामानसुमान पुरवीत होती. त्या झटापटींत एमोस डर्फी नांवाचा एक अमेरिकन मारला गेला. पुढें नोव्हेंबर १८४० मध्यें अलेक्झांडर मॅक्लाउड नांवाचा कॅनडांतील एक दुय्यम शेरीफ न्यूयॉर्क संस्थानांत सांपडला व त्याजवर डर्फीच्या खुनाचा आरोप ठेवण्यांत आला. इंग्लंडचें म्हणणें असें कीं, तें कृत्य राजसत्तेच्या हुकमानें झालें, त्याचा जाब राजसत्तेस विचारावा, मनुष्यास नव्हे. मॅक्लाउडला ताबडतोब सोडावें. संघाचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेब्स्टर ह्यांस हें तत्त्व पटलें होतें. पण कैदी न्यूयॉर्क संस्थानाचा! संघाच्या हातीं त्याच्या बेडीची किल्ली नव्हती. न्यूयॉर्कच्या वरिष्ठ कोर्टानें १८४१ च्या उन्हाळ्यांत त्यास सोडण्याचें साफ नाकारलें. दोन बलाढ्य राष्ट्रांचें युद्ध व्हावें कीं न व्हावें, हें युटिका गांवच्या बारा ज्यूरर्सच्या तोंडावर येऊन ठेपलें. १२ ऑक्टोबर १८४१ रोजीं त्यांनीं त्यास निर्दोषी ठरविलें आणि दोन्ही राजधान्यांनीं सुस्कारा टाकला.

असा प्रसंग पुन्हां येऊं नये म्हणून २९ ऑगस्ट १८४२ चा कायदा झाला. परराज्याच्या अधिकारानें केलेल्या कृत्याबद्दल संस्थानानें कैद केलेल्या परकीयास संघाच्या न्यायाधीशाकडे दाद मागतां येईल, व निकालावर अपीलहि करतां येईल, असें त्यांत ठरलें. त्याच कायद्याच्या शेवटीं आपलें कलम प्रथम अवतरतें. त्याचा आशय असा: ही चौकशी वा अपील चालू असेपर्यंत, शेवटचा निकाल होईपर्यंत, आणि सुटकेचा निकाल झाल्यावर त्यापुढेंहि, त्याच बाबीबद्दल त्या कैद्याविरुद्ध कोणत्याहि संस्थानाच्या कोर्टांत किंवा संस्थानाच्या अधिकारानें जें कांहीं करण्यांत येईल तें रद्द व निरर्थक समजलें जावें.

ह्या वाक्याची घडण लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. ह्यांत न्यायाधीशानें तहकुबीचा हुकूम काढावा असें नाहीं. कैद्यानें तहकुबीसाठीं अर्ज करावा असेंहि नाहीं. अपील दाखल झालें कीं संस्थानाचा हात आपोआप थांबला. मीमांसकांच्या भाषेंत हा नित्य विधि. येथें विकल्पास जागा नाहीं. आपल्या नारदस्मृतींत आसेधाचे चार प्रकार सांगितले आहेत, स्थानाचा, काळाचा, प्रवासाचा व कर्माचा. परंतु तो आसेध वादीनें प्रतिवादीस घालावयाचा. खुद्द न्यायासनासच दुसऱ्या न्यायासनानें आसेध घालावा, ही कल्पना आपल्या स्मृतिकारांपुढें आली नव्हती, कारण त्यांच्यापुढें राजा एक होता.

राजा एक असूनहि कोर्टें दोन झालीं म्हणजे काय होतें, हें आपल्या मुंबई इलाख्यानें त्याच सुमारास अनुभवलें होतें, म्हणून थोडें विषयांतर करतों. १८२८ सालीं मुंबईच्या सुप्रीम कोर्टानें पुण्याच्या मोरो रघुनाथ नांवाच्या अज्ञान मुलासंबंधानें, आणि ठाण्याच्या तुरुंगांतील बापू गणेश ह्याच्यासंबंधानें हेबियस कॉर्पसचे हुकूम काढले. मोरो रघुनाथ आपले वडील आप्त पांडुरंग रामचंद्र ह्यांच्या ताब्यांत होता. गव्हर्नर सर जॉन मालकम ह्यांनीं हे हुकूम मोफसल मुलखांत बजावूं देण्याचें नाकारलें. दोघे न्यायाधीश त्याच वर्षीं मरण पावले होते. उरलेले सर जॉन पीटर ग्रँट ह्यांनीं रागानें एप्रिल १८२९ मध्यें कोर्टाचें दारच बंद केलें. त्याच वर्षीं प्रिव्ही कौन्सिलनें निकाल दिला तो गव्हर्नराच्या बाजूनें: मोफसल अदालतीच्या तुरुंगाधिकाऱ्यास हुकूम पाठविण्याचा सुप्रीम कोर्टास अधिकार नाहीं. वाद एकाच जातीचा. लंडननें एक उत्तर दिलें, वॉशिंग्टननें तेरा वर्षांनीं त्याच्या उलट दिलें.

पहिलीं पंचवीस वर्षें हें कलम जवळजवळ निजून होतें. त्यास जाग आली ती यादवी युद्धानंतर. गुलामगिरी संपली, पण दक्षिणेकडील संस्थानांचीं कोर्टें तींच होतीं. म्हणून ५ फेब्रुवारी १८६७ च्या कायद्यानें, संघाच्या राज्यघटनेविरुद्ध, कायद्याविरुद्ध किंवा तहाविरुद्ध ज्याचें स्वातंत्र्य हिरावलें गेलें असेल अशा कोणाहि मनुष्यास हें दार उघडें केलें, आणि १८४२ चें तहकुबीचें वाक्य त्याबरोबर आलें. वाक्य फारसें बदललें नाहीं. त्याच्या मागची माणसें बदललीं. एका परकीयासाठीं शिवलेला अंगरखा सगळ्या देशाच्या अंगावर चढविला. मध्यंतरीं मॅकार्डल नांवाच्या व्हिक्सबर्गच्या एका संपादकाचें अपील ऐकलें जाऊं नये म्हणून कायदेसभेनें मार्च १८६८ मध्यें सुप्रीम कोर्टाचा ह्या बाबतींतला अपिलाचा अधिकारच काढून घेतला, तो १८८५ पर्यंत परत दिला नाहीं. तोंपर्यंत तहकुबीहि आंखुड राहिली. १८७४ च्या संकलित कायद्यांत आपलें कलम ७६६ ह्या आंकड्याखालीं बसविलें गेलें. जुने वकील त्यास ह्याच आंकड्यानें ओळखतात.

अधिकार परत आल्यावर थोड्याच वर्षांत ह्या कलमाचे दोन्ही चेहरे दिसले. मूळ हेतूस शोभेसा चेहरा नीगलच्या प्रकरणांत दिसतो. १४ ऑगस्ट १८८९ रोजीं कॅलिफोर्नियांत लॅथ्रॉप स्टेशनाच्या भोजनगृहांत त्या संस्थानाचे माजी मुख्य न्यायाधीश डेव्हिड टेरी ह्यांनीं सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ति फील्ड ह्यांच्यावर हात टाकला, आणि फील्डचा संरक्षक म्हणून संघानें नेमलेल्या डेव्हिड नीगलनें टेरीला गोळी घालून ठार केलें. संस्थानानें नीगलला खुनासाठीं पकडलें. संघाच्या कोर्टानें त्यास सोडलें, सुप्रीम कोर्टानें १४ एप्रिल १८९० रोजीं तें कायम केलें, आणि कॅलिफोर्नियाचा खटला कधींच उभा राहिला नाहीं.

दुसरा चेहरा फांशीच्या कैद्यांचा. शिबुया जुगिरो ह्या जपानी खलाशास न्यूयॉर्कमध्यें खुनाबद्दल मृत्यूची शिक्षा झाली होती. त्याचें अपील सुप्रीम कोर्टापुढें दुसऱ्यांदा आलें तेव्हां ११ मे १८९१ रोजीं न्यायमूर्ति हार्लन ह्यांनीं कलम ७६६ चा अर्थ फोड करून सांगितला: चौकशी चालू आहे तोंवर संस्थानाचा हात आवरून धरणें हा ह्याचा हेतु, हें बंधन शेवटच्या निकालापर्यंतच, त्यापुढें नाहीं. त्या वर्षीं ७ जुलै रोजीं सिंग सिंग तुरुंगांत विजेच्या खुर्चीवर एका सकाळीं चौघे बसविले गेले, त्यांत जुगिरो होता. कॅलिफोर्नियांत थिओडोर डरंटची फांशी जून १८९७ मध्यें ठरली होती. अपिलानें ती थांबली आणि ७ जानेवारी १८९८ रोजीं झाली. अपील हरणारच हें ठाऊक असतांहि तें दाखल केल्यानें कित्येक महिने मिळत. वकिलानें तें करूं नये काय? मुख्य न्यायाधीश फुलर ह्यांनीं १८९५ सालीं न्यू जर्सीच्या लॅम्बर्टच्या प्रकरणांत म्हटलें कीं, मरणाच्या दारांतील अशिलासाठीं वकिलानें मिळेल तो आधार धरणें स्वाभाविक आहे, पण केवळ निमित्तें काढून न्यायाचें काम अडवूं नये. दोन्ही अर्धवाक्यें खरीं आहेत, व पुढील सर्व पाठभेद ह्या दोहोंच्या ओढाताणींतून निघाले. १८९३ च्या दुरुस्तीनें फक्त अपिलास सहा महिन्यांची मुदत घातली होती. मूळ शब्दांस हात लागला नव्हता.

ते शब्द किती ताणतां येत ह्याचा मासला व्हरमाँट संस्थानांतील मेरी रॉजर्सच्या खटल्यांत आहे. नवऱ्याच्या खुनाबद्दल तिला फांशी ठरली होती. तिचें अपील चालू असतां गव्हर्नरानें फांशीची तारीख पुढें ढकलून ८ डिसेंबर १९०५ केली. तिच्या वकिलांचा युक्तिवाद असा कीं, अपील चालू असतां संस्थानानें केलेलें कोणतेंहि काम रद्द व निरर्थक आहे, तेव्हां ही मुदतवाढहि रद्द. आणि ती रद्द म्हणजे त्या नव्या तारखेस फांशी देण्यास आधारच उरत नाहीं! नव्यन्यायाच्या पंडितासहि हेवा वाटावा असा हा तर्क आहे. सुप्रीम कोर्टानें २७ नोव्हेंबर १९०५ रोजीं शांतपणें उत्तर दिलें कीं, मुदत वाढविणें हें कैद्याविरुद्ध केलेलें काम नव्हे, तें त्याच्या हिताचें आहे. अकरा दिवसांनीं ठरल्या तारखेस तिला फांशी झाली. असे युक्तिवाद वाचून कायदेसभेंतील मंडळी चिडली असल्यास नवल नाहीं. परंतु पुढच्याच मार्च महिन्यांत जें घडलें तें डोळ्यांपुढें ठेवल्याशिवाय ह्या कलमाचें मोल कळत नाहीं.

टेनेसी संस्थानांतील चॅटनूगा शहरीं एड जॉन्सन ह्या काळ्या मनुष्यास एका गोऱ्या स्त्रीवरील बलात्काराच्या आरोपावरून ९ फेब्रुवारी १९०६ रोजीं दोषी ठरविण्यांत आलें. गुन्ह्याची तारीख २३ जानेवारी. म्हणजे पकडणें, आरोप, साक्षीपुरावा व निकाल मिळून अडीच आठवडे. नोआ पार्डन आणि स्टाइल्स हचिन्स ह्या दोघां काळ्या वकिलांनीं त्याचें काम हातीं घेतलें आणि ज्यूरींतून काळ्या लोकांस वगळलें होतें, जमावाच्या भीतीनें बचाव नीट झाला नाहीं, अशा मुद्द्यांवर संघाच्या कोर्टांत हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. न्यायाधीश क्लार्क ह्यांनीं अर्ज नामंजूर केला, परंतु अपिलासाठीं अवधि दिला. संघाच्या न्यायाधीशास असा अवधि देतां येतो कीं नाहीं, अशी कुजबुज झाली. शेवटीं संस्थानाच्या गव्हर्नरानेंच २० मार्चपर्यंत मुदत दिली. पार्डन वॉशिंग्टनला जाऊन न्यायमूर्ति हार्लन ह्यांस भेटले. जुगिरोच्या खटल्यांत कलमाचा अर्थ लावणारे तेच हे हार्लन. त्यांनीं १७ मार्च रोजीं अपील मंजूर केलें. सोमवार १९ मार्च रोजीं सबंध सुप्रीम कोर्टानें हुकूम दिला: अपिलाचा निकाल होईपर्यंत जॉन्सनविरुद्धचें सर्व काम तहकूब, व त्याचा ताबा तसाच राखावा. शेरीफ जोसेफ शिप ह्यास तार गेली. संध्याकाळच्या वर्तमानपत्रांत बातमी छापून आली.

त्या रात्रीं तुरुंगावर एका तुरुंगाधिकाऱ्याशिवाय म्हणण्यासारखा पहारा नव्हता. जमावानें घण घालून दारें फोडलीं, जॉन्सनला वॉलनट स्ट्रीटच्या पुलावर नेलें आणि तेथें टांगून गोळ्या घातल्या. संस्थानानें ठरविलेली तारीख उजाडण्यास कांहीं तास उरले होते. कलमानें संस्थानाचें काम रद्द व निरर्थक केलें होतें. जमावाचें काम निरर्थक करण्यास शब्द पुरेसे नव्हते.

पण सुप्रीम कोर्टानें हें सोडून दिलें नाहीं. कोर्टाच्या बेअदबीबद्दल शेरीफ शिप व इतरांवर त्या कोर्टानें स्वतः खटला चालविला. त्याच्या इतिहासांत असा फौजदारी खटला हा एकच. आरोपींचें म्हणणें, जॉन्सनच्या अर्जांत संघाच्या कोर्टास अधिकारच नव्हता, मग त्याचा हुकूम मोडल्याचा दोष कसला? २४ डिसेंबर १९०६ रोजीं न्यायमूर्ति होम्स ह्यांनीं उत्तर दिलें कीं, अधिकार आहे कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार तरी आमचाच. आणि तें ठरेपर्यंत आहे ती स्थिति राखण्याचाहि. माझ्या मतें तहकुबीचें तत्त्व ह्याहून स्पष्ट कोणी सांगितलें नाहीं. तहकुबी ही कैद्यावर केलेली कृपा नव्हे. ती न्यायाधीशाच्या स्वतःच्या कामाची पूर्वअट आहे. मेलेल्या मनुष्याचें अपील ऐकतां येत नाहीं. २४ मे १९०९ रोजीं मुख्य न्यायाधीश फुलर ह्यांनीं शिपसह सहा जणांस दोषी ठरविलें. शिपला नव्वद दिवसांची कैद झाली. कैद भोगून तो परतला तेव्हां गांवानें त्याचा जयजयकार केला, आणि पार्डन व हचिन्स ह्यांस गांव सोडावें लागलें होतें. जॉन्सनची शिक्षा चॅटनूगाच्या कोर्टानें रद्द केली ती २००० सालीं, चौऱ्याण्णव वर्षांनीं.

शिपचा खटला अजून चालूच होता तेव्हां, १० मार्च १९०८ रोजीं, कायदेसभेनें कलमाच्या भोंवतीं कुंपण घातलें. संस्थानाच्या कैद्याचें हेबियस कॉर्पसचें अपील दाखल व्हावयाचें तर त्यांत सकृद्दर्शनीं कांहीं तथ्य आहे असा दाखला खालच्या न्यायाधीशानें किंवा सुप्रीम कोर्टाच्या एखाद्या न्यायमूर्तीनें दिला पाहिजे. युक्ति चतुर होती. कलमाचे शब्द जसेच्या तसे, तहकुबी अजून आपोआपच; परंतु तिच्यापर्यंत पोंचण्याचा रस्ता अरुंद केला. निरर्थक अपिलांनीं फांशीस होणारा विलंब टाळणें हा हेतु कायदेसभेच्या कागदांत उघडपणें नमूद आहे. आणि हें कुंपण न्याय्य होतें असें मी म्हणेन, कारण ज्याच्या तक्रारींत तथ्य होतें त्यास तें आडवें आलें नाहीं. जॉर्जियांतील लिओ फ्रँकला खालच्या न्यायाधीशानें दाखला नाकारला, तरी न्यायमूर्ति लामार ह्यांनीं डिसेंबर १९१४ च्या अखेरीस तो दिला. २२ जानेवारी १९१५ ची फांशी थांबली. १९ एप्रिल रोजीं तो हरला, होम्स व ह्यूज ह्यांचें मत विरुद्ध पडलें. त्या चार महिन्यांत शंका वाढत गेल्या आणि २१ जून रोजीं गव्हर्नर स्लेटन ह्यांनीं फांशी माफ करून जन्मठेप दिली. ऑगस्टांत जमावानें तुरुंगांतून काढून त्यालाहि मारलें. ती गोष्ट कलमाच्या बाहेरची.

पुढचा पाठभेद मात्र मला खटकतो. १९ जून १९३४ च्या कायद्यानें आपोआप होणारी तहकुबी गेली आणि ती न्यायाधीशाच्या इच्छेवर आली. २५ जून १९४८ च्या संकलनांत हेंच कलम २२५१ म्हणून नव्या, सुटसुटीत शब्दांत बसलें. त्यांत तीन वाक्यें आहेत. पहिलें: हेबियस कॉर्पसचें काम ज्यापुढें आहे तो न्यायाधीश संस्थानांतील काम तहकूब करूं शकेल. दुसरें: अशी तहकुबी दिल्यावर केलेलें काम निरर्थक. तिसरें: तहकुबी दिली नसेल तर संस्थानाचें काम, जणूं कांहीं अपील नाहींच, असें वैध. १८४२ च्या पाठांत तिसऱ्या वाक्याचा मागमूस नव्हता. ‘समजलें जावें’ ह्याच्या जागीं ‘करूं शकेल’ आलें, नित्याचा विकल्प झाला, आणि विकल्प न वापरल्यास काय, तेंहि लिहून ठेवलें. पूर्वी गप्प राहिलेल्या न्यायाधीशाच्या मौनाचा अर्थ कैदी जिवंत राहील असा होता. आतां त्याच मौनाचा अर्थ उलट झाला. १९०८ च्या दाखल्यानें पोरकट अपिलें गाळलीं जातच होतीं; मग दाखला मिळविलेल्या अपिलासहि तहकुबीसाठीं पुन्हां वेगळा हात जोडावयास लावण्याचें प्रयोजन मला दिसत नाहीं.

ह्याचा परिणाम काय होतो तें टेक्सासमधील थॉमस बेअरफूटच्या प्रकरणांत दिसतें. त्यास अपिलाचा दाखला मिळालेला असतां अपिलाच्या कोर्टानें जानेवारी १९८३ मध्यें तहकुबी नाकारली. सुप्रीम कोर्टानें स्वतः फांशी थांबवून प्रकरण ऐकलें, व ६ जुलै १९८३ रोजीं असें ठरविलें कीं, दाखला मिळालेल्या अपिलांतील मुद्दे ऐकून निकाल दिल्यावांचून कैद्यास मरूं देतां येत नाहीं, परंतु तें ऐकणें झटपट उरकतां येईल. जुन्या पाठाचा अर्धा अर्थ असा मागच्या दारानें परत आला. बेअरफूटला त्याचा लाभ झाला नाहीं. ३० ऑक्टोबर १९८४ रोजीं त्याची शिक्षा बजावली गेली. २००६ सालीं कलमास एक पुरवणी जोडण्यांत आली: वकील नेमून मिळावा एवढाच अर्ज असेल तर तहकुबी वकील नेमल्यापासून नव्वद दिवसांपलीकडे चालूं नये. तीं तीन वाक्यें मात्र १९४८ च्या शब्दांतच राहिलीं आहेत.